चाळीस-चाळीस वर्षं एकाच कॉलेजात बास्केटबॉलचे कोच टिकतात कसे?

पार्कवरचा_गार्ड, सोलापूर
आमचे सर या महिन्यात रिटायर होतायत. साठ पूर्ण. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पंपाची पिन, ती जिभेवर ओली करून बॉलमध्ये घालायचे, हे दृश्य आमच्या पाचसहा बॅचना पाठ आहे. एप्रिलात सकाळी आठलाच सिमेंटच्या कोर्टाचा तवा व्हायचा, म्हणून प्रॅक्टिस साडेपाचला. कुणी उशिरा आलं की रागावायचे नाहीत, नुसतं घड्याळ बघायचे. ते जास्त लागायचं.

परवा वाचलं, अमेरिकेतल्या सिरॅक्युज विद्यापीठाचे जिम बोहाइम 1962 ला तिथं विद्यार्थी म्हणून आले, 1976 ला मुख्य कोच झाले आणि सुटले थेट 2023 ला. 47 सीझन! हे माणसाचं कसब की कॉलेजचा धीर? आमच्याकडं दोन वर्षं झोनमध्ये हरलो की नेट घ्यायचे पैसेसुद्धा क्रिकेटकडं वळायचे. रिंग कायम बोडकी.

रिबाउंड_काका
धीर. मी तरी तेच म्हणेन. तिथल्याच ड्यूक विद्यापीठात माइक शशेव्हस्की 1980 ला कोच म्हणून आले. दुसऱ्या वर्षी 10 जिंकले, 17 हरले. तिसऱ्या वर्षी 11-17. आपल्याकडं असता तर परीक्षेच्या सुपरव्हिजनला लावला असता. तिथं ठेवला, आणि 2022 ला गेला तेव्हा पाच राष्ट्रीय विजेतेपदं, एकूण 1202 विजय. कोच जॉन वूडनला यूसीएलए विद्यापीठात पहिलं विजेतेपद 1964 ला मिळालं, सोळाव्या सीझनला. मग बारा वर्षांत दहा.

अक्कलकोट_रोड
काका, नुसता धीर नव्हे हो. टेनेसी विद्यापीठात मुलींच्या कोच झाल्या तेव्हा, 1974 ला, पॅट समिट बावीसच्या होत्या. महिन्याला 250 डॉलर. मुलींचे युनिफॉर्म स्वतः धुवायच्या, व्हॅन स्वतः चालवायच्या. 38 सीझन, 1098 विजय, आठ विजेतेपदं. कोच म्हणजे अर्धा हमालच की.

पार्कवरचा_गार्ड
हे वाचून हसू आलं. आमच्या बिबा, म्हणजे नंबरवाल्या बनियनी, सरांच्या घरच्या दोरीवर वाळायच्या. एकदा धुण्यात सात नंबर गेला, मग काकूंनी साडीच्या काठाचा सात शिवून दिला. तो घालून मी विद्यापीठाच्या मॅचला वीस मिनिटं खेळलो. समोरच्या टीमनं लै चिडवलं.

रिबाउंड_काका
नॉर्थ कॅरोलिनाच्या डीन स्मिथचं ऐका. 1965 ला हरून बसनं परतले तर पोरांनी त्यांचाच पुतळा फासावर लटकवलेला. तरी 1997 पर्यंत राहिले, 879 विजय. 2015 ला वारले, तर मृत्युपत्रात प्रत्येक जुन्या खेळाडूला 200 डॉलर ठेवलेले. कोचतर्फे बाहेर जेवून या म्हणून.

पार्कवरचा_गार्ड
काका, हे वाचून जरा थांबलोच. हरलो तरी येताना एसटी स्टँडजवळ भजी आणि चहा, बिल सरांचं. पगार झालेला असो-नसो.

ठरलं मग. शनिवारी सगळे जुने सरांना घेऊन जेवायला. कडक भाकरी, शेंगा चटणी, बाकी ज्याचं त्याला. फक्त एक काळजी घ्या बे, सर हात धुवायला म्हणून उठतात आणि गुपचूप गल्ल्यावर पैसे देऊन येतात. सेंटरला खेळलेल्या, म्हणजे सगळ्यात उंच, दोघांनी आधीपासून तिथं उभं राहायचं.