फ्रेंच नाटककार मोलिएरचं ‘ल बुर्जुआ जांतियोम’: कात्री कुठे लावावी?

प्रश्न: पाच अंकी नाटक दीड तासात बसवायचंय. नाच-गाणी सरळ उडवली तर?

प्रतिसाद १: मुळीच नको. १६७० साली शांबोरच्या महालात चौदाव्या लुईसमोर प्रयोग झाला तो संगीतकार ल्युलीच्या संगीतासकट. शेवटचा बॅले खुशाल काढा, कथानक त्याआधीच संपतं. चौथ्या अंकातला तुर्की सोहळा मात्र हवाच. ‘मामामूशी’ ही बनावट पदवी तिथेच मिळते, आणि तिच्या भुलीतच सरदार बनायचं वेड लागलेला श्रीमंत जुर्दँ तुर्की राजपुत्राचं वेषांतर केलेल्या क्लेओंतला, म्हणजे मुलीच्या प्रियकरालाच, मुलगी द्यायला तयार होतो.

प्रतिसाद २: संगीत आणि नृत्याच्या मास्तरांचा वाद निम्मा करा. तिसऱ्या अंकातला सरदार दोरांतनं जुर्दँकडून घेतलेल्या उधारीचा हिशेब मात्र शब्दन्‌शब्द ठेवा. जुर्दँ टिपण वाचतो, एकूण १५,८०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). त्यावर हा सरदार आणखी २०० पिस्तोल (एक पिस्तोल म्हणजे ११ लिव्र) मागून बरोब्बर १८,००० करतो! नट आकडे घाईत पुटपुटतात आणि हशा हातचा जातो.

प्रतिसाद १: शेवटी क्लेओंतचा नोकर कोव्हिएल मादाम जुर्दँला बाजूला घेऊन खरं सांगतो, ते कापू नका. नाहीतर एवढी खमकी बाई या लग्नाला एकाएकी हो का म्हणाली, हे प्रेक्षकाला कळत नाही.