अनुभव धागा: सहावी ते आठवीची पोरं तुमच्या वर्गात कशात रमली?

सोलापुरातल्या आणि आसपासच्या सर-मॅडम लोकांनो, इथं लिहा. या वयाची पोरं म्हणजे कसंय, कृतिगीत म्हणायला लाजतात आणि गप बसून ऐकायलाही तयार नसतात. कुठलाही विषय चालेल, फसलेला उपक्रम असेल तर तो आधी लिहा. फक्त फोटोपुरतं केलेलं नको, ते आपण सगळेच करतो.

माझ्यापासून सुरू करते. सातवी, गणित. वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या घरी कुणी ना कुणी यंत्रमागावर. एकानं जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, जुनी पुठ्ठ्याची पट्टी आणली, भोकं पाडलेली. भोक असलं की तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो, चादरीवरचं फूल असंच उमटतं. मग चौकटीच्या वहीत ८ बाय ८ चा चौरस आखायला लावला, भरलेलं घर १, रिकामं घर ०. आपलं फूल शेजाऱ्याला दाखवायचं नाही, नुसते आकडे ओळीनं वाचायचे आणि त्यानं ऐकून तेच फूल काढायचं. निम्मी फुलं वाकडी आली. मग भांडणं, "तूच चुकीचं वाचलं बे", "तू एक घर सोडलं की". चूक कुठल्या ओळीत झाली ते शोधता शोधता एक मुलगी म्हणाली, बाई, फूल दोन्हीकडून सारखं असलं तर अर्धंच वाचलं तरी चालतंय की. दुसरी म्हणे वरखाली पण सारखं असलं तर पावच पुरे. ६४ आकड्यांचे १६ झाले, आणि सममिती हा शब्द मी अजून फळ्यावर लिहिलाही नव्हता! दुसऱ्या दिवशी त्या पोराचे वडील पट्टी न्यायला आले, भिंतीवर लावलेली बघून हसले, म्हणाले मॅडम उलटी लावलीय.

काठीवाले_सर

लई भारी मॅडम. माझं विज्ञान-भूगोल दोन्हीत बसतंय. फेब्रुवारीच्या मध्यात मैदानात काठी उभी रोवली, साडेअकरापासून दर १० मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघायचं. आधी अंदाज लिहून घेतला तर सगळ्या वर्गानं बारा वाजता असंच लिहिलेलं. आखूड सावली पडली १२:४० च्या आसपास. "सर तुमचं घड्याळ बिघडलंय." मी म्हटलं बरं, मोबाईलवर बघा. तिथंही तेच!

मग नकाशा काढला. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं, सोलापूर ७६ अंशाच्या जरा अलीकडं, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साधारण २६ मिनिटं इथंच गेली. उरलेली १४ पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळं आणि कललेल्या आसामुळं, ते मी सरळ आठवीवर ढकललं. २१ मार्चला परत केलं, १ मीटरच्या काठीची सगळ्यात आखूड सावली ३२ सेंमीच्या जवळपास भरली. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून यातून आपलं अक्षवृत्त काढता येतं, साधारण १७.७ अंश येतंय, पोरांना ते जादूसारखं वाटलं. पहिला प्रयत्न मात्र वाया गेलेला, मधली सुट्टी झाली आणि पाचवीच्या पोरांनी आमच्या खड्यांनी गोट्या खेळल्या.

मागचा_बाक

सगळं छान आहे हो. पण माझ्या वर्गात ६२ पोरं आणि तास ३५ मिनिटांचा. त्यातली १० मिनिटं हजेरी आणि शांत बसा यात जातात. उपक्रम म्हटलं की पोटात गोळा येतो.

इतिहासाच्या_बाई

फसलेला हवाय ना, घ्या. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी अंमलावर, नाटुकलं बसवलं, तर सगळ्या पोरांना पोलीसच व्हायचं होतं, कारण बंदूक मिळते. निदर्शक व्हायला कुणी नाही. तास संपेपर्यंत नुसतं ठो ठो.

पुढच्या वर्षी वेगळं केलं. आधी विचारलं, चार पुतळ्यापाशी रोज रिक्षातून जाता, ते चौघं कोण? मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, चारही नावं एकाच पोराला आली. मग चिठ्ठ्या केल्या, तारखा न लिहिता नुसत्या घटना. गांधीजींना अटक, गावाचा कारभार लोकांनी हातात घेतला ते तीन-चार दिवस, मार्शल लॉ, येरवड्यात या चौघांना फाशी. गटानं क्रम लावायचा आणि हे आधी का, ते नंतर का, हे भांडून सांगायचं. तारखा शेवटी दिल्या, मे १९३० ते १२ जानेवारी १९३१. घरी आजी-आजोबांना विचारून या म्हटलं तर बहुतेक जण हात हलवत आले. दोघं जण गोष्टी घेऊन आले, एकाची पुस्तकाशी जुळेना. तोच तास खरा रंगला, कुणाचं खरं मानायचं आणि का. नाटकाला परत हात लावला नाही.

जोन्नलु_जोळ_ज्वारी

माझा छोटा आहे. वर्गात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा सगळ्या घरांतली पोरं. शेंगाचटणी कशाची, प्रत्येकानं घरचा शब्द सांगा म्हटलं. पल्लीलु, मूंगफली, शेंगदाणा, आणि कानडीवाला म्हणाला आमच्यात पण शेंगाच! तिथून कोणते शब्द सारखे ते शोधायचा नादच लागला. तूप आणि तुप्पा, अक्का आणि अक्का. तेलुगूत तूप म्हणजे नेय्यी कळल्यावर तेलुगू पोरं जरा हिरमुसली, मग त्यांना ज्वारीत जोन्नलु मिळालं. ही यादी तिमाहीपर्यंत वर्गाच्या दारामागं वाढत होती. व्याकरणाच्या मार्कांत काही फरक पडला का विचारू नका, नाही पडला.

मागचा_बाक

परत आलो. शुक्रवारी शेवटच्या तासाला मॅडमचं १ आणि ० करून बघितलं, ६२ पोरं म्हणजे ३१ जोड्या, प्रत्येकी चौकटीचा एकच कागद. गोंगाट इतका की शेजारच्या वर्गातून दोनदा निरोप आला. १९ फुलं बरोबर आली, तीन उलटी, बाकीच्यांना फूल म्हणायचं का ते ठरेना. सोमवारी पोरं विचारतायत, सर खरी पट्टी कधी दाखवणार. माझ्याकडं नाही हो, कुणाकडं जास्तीची असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जातो. आणि कुठली बाजू वर, तेवढं सांगून ठेवा.