पुण्याहून स्टुटगार्ट : ६२ हजार युरोची ऑफर, पण खरा प्रश्न कामाच्या तासांचा

सिंहगडरोडवासी

जावा बॅकएंड, ११ वर्षांचा अनुभव, बीई (पुणे विद्यापीठ, २०१३). स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची थेट ऑफर आहे: वर्षाला ६२,००० युरो ग्रॉस, आठवड्याला ४० तास, २८ दिवस रजा, सहा महिने प्रोबेशन. सोबत मिसेस (फिजिओथेरपिस्ट) आणि चार वर्षांचा मुलगा. पैसा दुय्यम. रात्री साडेदहाचे अमेरिकेचे कॉल बंद व्हावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हातात किती पडेल? कामाचे तास खरंच पाळले जातात की नुसते कागदावर? आणि कागदपत्रांत माणसं नेमकी कुठे अडकतात? "तिकडे सगळं निवांत असतं" हे ऐकून झालंय, नेमकं सांगा.

---

नेट_की_ग्रॉस

आधी हातात पडणारा पगार. आकडे २०२५ च्या दरांचे.

पेन्शन १८.६%, बेकारी विमा २.६%, आरोग्य विमा १४.६% अधिक विमा कंपनीचा जादा दर (सरासरी २.५%), केअर विमा (म्हातारपणी किंवा दीर्घ आजारात देखभालीसाठीचा) ३.६%. हे सगळं साधारण अर्धं तुमचं, अर्धं कंपनीचं. म्हणजे ६२ हजारांतले जवळजवळ १३ हजार विम्यांत जातात. उरलेल्यावर आयकर, आणि तो करवर्गावर अवलंबून (वर्ग १ एकट्याचा, वर्ग ३ जोडीदाराचं उत्पन्न नसलेल्या किंवा कमी असलेल्या विवाहिताचा). वर्ग १ मध्ये महिन्याला ३,२०० च्या आसपास हातात येतील, वर्ग ३ मध्ये ३,६०० च्या आसपास. वर्ग ३ साठी पत्नीची नोंदणी जर्मनीत झालेली हवी. त्या मागाहून येणार असतील तर तोवर वर्ग १. पण त्या त्याच वर्षात, अगदी डिसेंबरात आल्या तरी वर्षअखेरीचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं आणि जादा कापलेला कर बऱ्यापैकी परत मिळतो. त्यांचं त्या वर्षातलं भारतातलं उत्पन्न मात्र कराचा दर ठरवताना धरलं जातं, ते लपवू नका.

मुलासाठीचा बालभत्ता वेगळा, २०२५ मध्ये तो महिन्याला २५५ युरो होता.

आता घर. जाहिरातीत दोन भाडी दिसतील. 'काल्ट' म्हणजे नुसती जागा. 'वार्म' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे आलं. वीज आणि इंटरनेट त्यावर वेगळं. शहरात ७० चौरस मीटरला वार्म १,४०० ते १,७०० धरून चाला. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे. घरमालक आपणहून हे सांगत नाहीत. रिकाम्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरही नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसता नळाचा पाइप बाहेर आलेला. जाहिरातीत 'आइनबाउक्युखं' असेल तरच ओटा आहे असं समजा.

एकट्याच्या पगारावर तिघांचं भागतं, शिल्लक बेताची राहते. युरोतल्या पगाराला शंभराने गुणून पुण्यातल्या पगाराशी तुलना करू नका. त्या हिशेबात पोळ्यांच्या बाई कुठेच येत नाहीत.

---

साडेपाच_वाजले

तासांबद्दल. कायदा चांगला आहे. पण तुमचा आठवडा कसा जाईल हे करारातल्या दोन ओळी ठरवतात.

कायदा असा: दिवसाला ८ तास. १० पर्यंत नेता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी पुन्हा ८ वर यायला हवी. दोन कामांच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती. तुमच्या भाषेत सांगायचं तर रात्री साडेदहाला कॉल संपला, तर दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आधी लॅपटॉप उघडायला सांगता येत नाही. रजा कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला २० दिवस. २८ ठीक आहेत, ३० मागून बघा. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र असेल तर तेवढे दिवस रजेत धरले जात नाहीत. आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, पण हा हक्क नोकरीचे पहिले चार आठवडे झाल्यावर सुरू होतो.

आता करारात हे बघा:

१. "पगारात सर्व ओव्हरटाइम धरलेला आहे" अशी ओळ. तासांचा आकडा नसेल तर अशी मोघम ओळ सहसा कोर्टात टिकत नाही, पण त्यासाठी कोर्टात कोण जातंय? सही करण्याआधीच "महिन्याला जास्तीत जास्त १० तास" असा आकडा लिहून घ्या.

२. कंपनी टॅरिफ करारात (कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या सामूहिक करारात) आहे का. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या धातू आणि इलेक्ट्रिकल उद्योगात १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा आणि ३० दिवस रजा आहे. ४० तास लिहिलेत म्हणजे तुमची कंपनी बहुधा त्याबाहेरची, पुरवठादार किंवा कन्सल्टिंगवाली. त्यात वाईट काही नाही. पण "स्टुटगार्टला ३५ तास असतात" हे ऐकून गेलात तर फसाल.

३. कामगारांची निवडून आलेली समिती, बेट्रीब्सराट, आहे का. वेळापत्रक आणि ओव्हरटाइम यांत तिची संमती लागते. ती असेल तर संध्याकाळी सहाचा कॉल आपोआप रोजचा होत नाही.

मुलाखतीत एवढंच विचारा: टीममधले बाकीचे लोक कुठल्या टाइमझोनमध्ये आहेत? अर्धी टीम टेक्सासला असेल तर कायदा कितीही चांगला असो, कॉल संध्याकाळीच येणार.

प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. नोकरीवरून काढण्याविरुद्धचं संरक्षण सहा महिन्यांनी लागू होतं, तेही दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत. म्हणून पुण्याचं घर पहिल्या सहा महिन्यांत विकू नका.

---

राजपत्र_धारक

कागदपत्रं. ब्लू कार्डसाठी (पदवीधरांचा कामाचा आणि राहण्याचा परवाना) २०२५ मध्ये पगाराची किमान अट ४८,३०० युरो होती (आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांना ४३,७५९.८०), त्यामुळे तिथे अडचण नाही. अडतं ते पुढे.

पदवी. परदेशी पदव्यांची मान्यता बघायच्या 'आनाबिन' नावाच्या जर्मन डेटाबेसमध्ये कॉलेजचं नाव शोधू नका, सापडणार नाही. पदवी देणारं विद्यापीठ शोधा. तुमच्या पदवीवर 'पुणे विद्यापीठ' असेल आणि यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ (नाव २०१४ मध्ये बदललं), तेव्हा दोन्ही नावांनी शोधा. संस्थेपुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) हवं आणि पदवीचं वेगळं पानही हवं. दोन्ही पानांच्या प्रिंट जोडा.

नावं. मराठी घरांची मोठी गोची इथेच. बायकोची पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि लग्नात नाव बदललं असेल तर पहिलं नावसुद्धा वेगळं. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच पद्धतीने. जर्मन क्लार्कच्या लेखी या तीन वेगळ्या बायका. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रत आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधी जमवा, जन्मदाखला दुरुस्त होत असेल तर निघण्याआधी करून घ्या. तिथून पालिकेच्या खेपा घालणं अवघड.

शिवाय पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असेल तर तिथे ते तुमचंच दुसरं नाव म्हणून नोंदलं जातं. मग बँक, विमा, सिम, सगळीकडे तसंच्या तसं लिहा.

पोचल्यावर. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा राहत असल्याचा फॉर्म लागतो आणि सुट्टीपुरतं भाड्याने दिलेल्या घरांचे मालक तो बहुधा देत नाहीत. बुकिंगच्या आधीच विचारा. मग टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी लावा. हसू नका. टॅक्स आयडी पोस्टाने येतो, पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो, आणि आयडी नसेल तर पगारातून वर्ग ६ ने, म्हणजे सर्वात चढा, कर कापला जाऊ शकतो. नंतर परत मिळतो, पण पहिले महिने हात आखडतो.

भारताकडची बाजू. नोकरीसाठी २८ सप्टेंबर किंवा त्याआधी निघालात आणि मार्चअखेरपर्यंत परत आला नाहीत, तर भारतातले दिवस १८२ च्या आत राहतात आणि त्या आर्थिक वर्षापुरते तुम्ही अनिवासी ठरता. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्या. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

---

सिंहगडरोडवासी

@साडेपाच_वाजले, टीम विचारली. चार जण तिथे, दोघे पोर्तुगालला. जीव भांड्यात पडला. मिसेसच्या कामाचं काय? आणि आई-बाबांना नेता येतं का, की ते "अजिबात नाही"च?

---

बेसन_लाडू_बर्लिन

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनची परीक्षा न देता व्हिसा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी असते. पण फिजिओथेरपी हा तिथे नियंत्रित व्यवसाय आहे. पदवीची राज्याकडून मान्यता आणि साधारण बी२ पातळीची जर्मन (ए१ सर्वात खालची पातळी, मग ए२, बी१, बी२) झाल्याशिवाय त्या नावाने काम करता येत नाही. अभ्यासक्रमात तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. शून्यातून दीड-दोन वर्षं धरा, आणि जर्मनचा क्लास आजच लावा. मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट, जवळ पडेल ते. विषयवार अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील विद्यापीठाकडून शिक्क्यासह इथूनच आणा, मान्यतेच्या अर्जात पहिल्यांदा तोच मागतात.

तुम्हीही बी१ करा. ब्लू कार्डवर कायम वास्तव्य २१ महिन्यांत मिळतं, नुसतं ए१ असेल तर २७ महिन्यांत.

आई-बाबांबद्दलची माहिती जुनी आहे. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील आणता येतात. मेख आरोग्य विम्यात आहे. सरकारी विमा त्यांना घेत नाही, खासगीवाले वय आणि मधुमेह बघून नकार देतात किंवा हप्ता भलताच सांगतात. आधी विम्याचं लेखी कोटेशन काढा, मगच घरी विषय काढा.

मुलाच्या पाळणाघराचा अर्ज मात्र मिसेस आल्यावर नाही, तुम्ही पत्ता नोंदवाल त्याच आठवड्यात शहराच्या पोर्टलवर टाका. जागेचा हक्क कायद्याने आहे, पण शिक्षिका कमी असल्याने रांग असते, आणि जागा मिळाली तरी दुपारी दोनपर्यंतचीच मिळू शकते. साडेपाचला सुटणाऱ्या नोकरीशी त्याचा मेळ कसा घालायचा, हे टीम लीडशी रुजू होण्याआधीच बोलून घ्या.