माहेरचं आडनाव हेच पोराचं नाव : हौस कळली, पण कशाला?

तिरपागडा
परवाच्या 'बाळासाठी नाव सुचवा' धाग्यावर एकीने लिहिलं होतं : 'इथे अमेरिकेत मेसन, कार्टर, पार्कर, हडसन अशी आडनावंच मुलांना ठेवतात. मग माझं माहेरचं आडनाव लेकाचं नाव म्हणून का नको? राणे देशपांडे. किती ताजं वाटतं!' खाली पसंतीच्या बदामांची रास. तिथे उत्तर दिलं असतं तर बदामांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

इंग्रजीत हे खपतं कारण तिथे आडनावाचा अर्थ कधीच मेलाय. मेसन म्हणजे गवंडी, कार्टर गाडीवान, कूपर पिंपं करणारा, सॉयर करवत्या, फ्लेचर बाण करणारा, स्पेन्सर कोठीवरचा कारभारी. कॅमेरॉन तर चक्क वाकडनाक्या. 2011 साली अमेरिकेत मुलग्यांच्या नावांत मेसन दुसऱ्या क्रमांकावर होतं, त्यातल्या कुणाच्या डोळ्यांपुढे थापी आली नसेल. आपलं आडनाव जितंजागतं आहे. ते तोंडातून पडायच्या आत समोरच्याने गाव, जात, पोटजात मोजून झालेली असते. एका देशपांडेने भागत नाही म्हणून पुढे राणे? एवढ्याशा जिवाच्या नावावर दोन सातबारे कशाला?

आणि व्याकरणाचं काय? काळे, गोरे, मोरे, फडके ही मुळात आदरार्थी अनेकवचनं आहेत. 'काळे आले', 'काळे जेवले' असंच तोंडात बसलंय. 'काळे रांगतोय', 'गोरेने दूध ओकलं' हे म्हणून बघा. आडनावाला सामान्यरूप होतं : फडक्यांनी, शिंद्यांना. पहिल्या नावाला तसं होत नाही. मग पोराबद्दल बोलताना 'राणेने' म्हणायचं की 'राण्याने'? शाळेतली पोरं तो प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवतील. वर्गात निम्म्यांना आडनावानेच हाक मारतात, लेल्या, जोश्या, गोडबोल्या. हा बिचारा दोन्हीकडून 'ण्या-ड्या'त.

इंग्रजी आडनावं उचलणाऱ्यांनीही आधी मराठी कान लावावा. हंटर म्हणजे आपल्याकडे चाबूक. पार्कर म्हणजे पेन. आणि कार्टर ठेवलंत तर आजी पहिल्याच दिवशी 'कार्टा' म्हणणार, तेही लाडाने.

माहेरवाशीण_जर्सी
तो प्रतिसाद माझाच. बदाम मोजून पोट दुखलं असेल तर ओवा खा.

इंग्रजीत अर्थ मेला म्हणून आडनावं पुढे आली, हे अर्धंच खरं. त्या प्रथेचं एक मोठं मूळ आईचं माहेर हेच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आईचं लग्नाआधीचं आडनाव मुलाला पहिलं किंवा मधलं नाव म्हणून द्यायची जुनी रीत. वुड्रो विल्सन यांचं पूर्ण नाव थॉमस वुड्रो विल्सन, आणि वुड्रो हे त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. त्यांनी थॉमस टाकलं, वुड्रो ठेवलं. जॉन फिट्झजेरल्ड केनेडींमधलं फिट्झजेरल्डही आईकडचंच. बाईचं आडनाव लग्नात पुसलं जातं, ते टिकवायची ही एक वाट आहे. फॅशन तुम्हाला दिसली, कारण तुम्हाला तेवढंच बघायचं होतं.

'काळे रांगतोय' हे वाईट वाटतं, मान्य. तेवढंच मान्य.

सावईवेरे
गोव्यात या, मग बोला. सावियो, बॉस्को, झेवियर, गोन्झागा : चारही कॅथलिक संतांची आडनावं, चारही आमच्याकडे पोरांची नावं. डॉन बॉस्को, त्यांचा विद्यार्थी डॉमिनिक सावियो, अलॉयशियस गोन्झागा. आणि झेवियर तर गावाचं नाव, स्पेनच्या नवारा प्रांतातला वाडा. मूळ बास्क शब्दाचा अर्थ 'नवं घर'. मराठीत काढलं तर आडनाव होईल नवघरे. तेव्हा फ्रान्सिस नवघऱ्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बासिलिकेत आहे आणि त्यांच्या आडनावाने शेकड्यांनी पोरं हिंडताहेत. कुणाचं व्याकरण अडलं नाही.

तिरपागडा
सावईवेरे, उदाहरण फक्कड आहे, पण ते माझ्याच बाजूचं. तिथे आडनावाचं नाव झालं ते संतपदामुळे. डॉमिनिक सावियोला 1954 साली संत घोषित केलं. आईबाप पोराला इटलीतल्या सावियो घराण्याचं आडनाव देत नाहीत, संताचं नाव देतात. राणे घराण्यातून कुणी संत म्हणून वेदीवर चढलं की कळवा.

उपटसूर
संतच कशाला लागतो? तमिळनाडूत के. एन. नेहरू मंत्री झाले, तिथे नेहरू हे पहिलं नाव. मुख्यमंत्री झालेले स्टॅलिन 1 मार्च 1953 चे, चारच दिवसांनी तिकडे रशियातले स्टॅलिन गेले. आंध्रात, तमिळनाडूत गांधी आणि बोस ही पहिली नावं सर्रास. मेघालयात तर अॅडॉल्फ लू हिटलर मराक नावाचे पुढारी झाले. तिथे आडनावाचं नाव झालं की जात गळते आणि माणूस उरतो. तुमचा सातबारा तिथेच फाटला की.

तिरपागडा
फाटला कारण तिथे ते आडनाव परक्या प्रांतातलं आहे! मदुराईत 'गांधी' ऐकून कुणी काठेवाडचा वाणी शोधत नाही. राणे हे नाव पुण्यात, ठाण्यात, न्यू जर्सीच्या मराठी मंडळात ठेवायचंय. तिथे पहिला प्रश्न येणार, 'राणे म्हणजे तुमचं गाव कुठलं?' तीन वर्षांच्या पोराने काय सांगायचं, आजोळ?

माहेरवाशीण_जर्सी
हो, आजोळ सांगायचं. त्यात लाज कसली?

नोंदवही
जात आणि व्याकरण बाजूला ठेवा, खरी गंमत फॉर्मवर होते. महाराष्ट्रात शाळेचा पट, दहावी-बारावीची गुणपत्रिका यांवर आडनाव आधी लिहायची पद्धत. पासपोर्टला दोनच रकाने : आडनाव, आणि बाकी सगळं एकत्र. बापाचं नाव दुसऱ्या रकान्यात कोंबायचं. तिकिटावर पहिलं आणि मधलं नाव चिकटून येतं. एवढ्या उलटसुलट रांगांत कारकुनाला एकच आधार असतो : यातलं कुठलं आडनावासारखं दिसतं. 'देशपांडे राणे प्रसाद' असं लिहिलंत की तो आधारच गेला. कुणी राणे आडनाव धरणार, कुणी देशपांडे. आधारवर एक आणि पॅनवर दुसरं आलं की जोडणी अडते, मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र, फेऱ्या.

ज्यांचं बाळ भारतात जन्मलंय त्यांच्यासाठी : जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नाव नंतर घातलं तरी चालतं. 12 महिन्यांपर्यंत फुकट, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. म्हणजे वाद घालायला वेळ आहे. पण एकदा घातलेलं नाव बदलणं हे रिकामा रकाना भरण्याइतकं सोपं नसतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे, तेव्हा तिथली चूक पुढे सगळीकडे जाते.

आणि आईसाठीच सगळं चाललं असेल तर ते महाराष्ट्र सरकारने केलंय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावाचा क्रम : बाळ, आई, वडील, आडनाव.

माहेरवाशीण_जर्सी
त्या क्रमात आईचं पहिलं नाव येतं, तिचं घराणं येत नाही. शेवटचा शब्द कुणाचा राहिला? नवऱ्याच्या बापाचा.

उपटसूर
आणि आईचं आडनाव म्हणजे तरी कुणाचं? तिच्या बापाचं. एका सासऱ्याऐवजी दुसरा सासरा. याला स्त्रीवाद म्हणायचं?

माहेरवाशीण_जर्सी
हे वाक्य दर वेळी कुणीतरी बोलतंच. पुरुषाचं आडनावही त्याच्या बापाचंच असतं, पण ते त्याचं 'स्वतःचं' आणि बाईचं तेवढं 'बापाचं'? जन्मापासून पंचवीस वर्षं सगळ्या कागदांवर वापरलेलं नाव तिचंच असतं.

तिरपागडा
हा मुद्दा बिनतोड आहे. नाइलाजाने लिहितोय.

वाटाण्याचे_अक्षते
2024 च्या नियमाचा घोळ कुणी बोलतच नाहीये! चार शब्दांचं नाव, त्यात 'अनुजा प्रसाद' असं आईबापाचं नाव जोडून आलं की परदेशी विमानतळावर मुलाच्या नावात बाईचं नाव का, हे समजावत बसायचं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, 44-44 अक्षरांच्या. वरच्या ओळीतली पाच खुणेला आणि देशाला जातात, उरली 39. त्यात आडनाव, दोन चिन्हं, बाळ, आई, बाप. चंद्रशेखर, अन्नपूर्णा, विश्वनाथ आणि आडनाव कोल्हटकर असलं की रोमन अक्षरांत शेवट कापलाच म्हणून समजा. सरकारला कुणी विचारलं होतं का…

नोंदवही
कापलेलं फक्त त्या ओळीत असतं, वर छापील नाव पूर्ण असतं. आणि आईचं नाव नियमाने आलंय, हौसेने नव्हे. यात 'घोळ' शब्द वापरायचं कारण काय?

वाटाण्याचे_अक्षते
कारण खिडकीपलीकडे तुम्ही बसता आणि अलीकडे आम्ही.

नोंदवही
खिडकीपलीकडे बसणाऱ्याने फुकट माहिती दिली तर तेही खुपतं. बरं.

बर्लिनकर
मूळ बाळ न्यू जर्सीचं आहे ना? त्याला महाराष्ट्राचा 2024 चा नियम लागूच नाही. पंधरा प्रतिसाद कशासाठी भांडताय?

जर्मनीत असता तर हा धागाच निघाला नसता. इथल्या नोंदणी कार्यालयात आडनाव पहिलं नाव म्हणून द्यायला गेलात की सहसा हरकत येते. 'अँडरसन'साठी प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं आणि 2005 साली मान्य झालं, तेही जोडीला दुसरी नेहमीची नावं होती म्हणून.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही : मुलग्यांची आडनावछाप नावं पुढे मुलींची होतात. अॅशली, बेव्हर्ली, लेस्ली, टेलर. अॅशली 1991 आणि 1992 मध्ये तिथल्या मुलींच्या नावांत पहिल्या क्रमांकावर होतं. आज कॉलर ताठ असलेला पार्कर वीस वर्षांनी वर्गातल्या मुलींच्या रांगेत सापडू शकतो.

माहेरवाशीण_जर्सी
मुलींच्या रांगेत सापडणं हा धोका म्हणून मांडलाय, हे टिपून ठेवलंय.

सावईवेरे
आडनावासारखं वाटणारं नाव एवढंच हवं असेल तर घरातच आहे की. मधुकर, दिनकर, प्रभाकर, पद्माकर. पाटणकर-केळकरांच्या ओळीत उभं केलं तर वेगळं दिसणार नाही. शिवाय यातला 'कर' गावाचा नाही, जात विचारायची सोय नाही. किंवा भागवत, पंडित. दोन्हीकडे चालतात, आणि 'भागवत रांगतोय' व्याकरणातही बसतं.

तिरपागडा
न्यू जर्सीच्या बालवाडीत 'मधुकर'. तिथली बाई 'मॅड्युकर' म्हणणार. पण हो, कार्टरपेक्षा बरं. इतकं बरं की मला ते आधी सुचलं नाही याचा राग येतोय.

माहेरवाशीण_जर्सी
ठीक. राणे पहिलं नाव नाही. 'अर्जुन राणे देशपांडे', राणे मधल्या रकान्यात. आता कुणाचं व्याकरण दुखतंय?

नोंदवही
चालेल. अमेरिकन पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात येतं, 'अर्जुन राणे', आणि ओसीआयला, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाला, तेच जसंच्या तसं लागेल. अडचण एकच : पुढे कधी महाराष्ट्रातल्या शाळेत घातलात तर मधलं नाव म्हणजे बापाचं असं गृहीत धरतात. पालकसभेच्या चिठ्ठीवर 'श्री. राणे देशपांडे' असेल आणि तुमचे यजमान ती उघडतील.

माहेरवाशीण_जर्सी
उघडू देत. एकदा त्यांनाही कळू दे.

तिरपागडा
चरणाक्षर, म्हणजे पत्रिकेप्रमाणे नावाचं पहिलं अक्षर, कुठलं आलंय, ते तरी सांगा.

माहेरवाशीण_जर्सी
मृग नक्षत्र, तिसरा चरण. 'का'.

उपटसूर
कार्टर!!

नोंदवही
चेष्टा पुरे. हॉस्पिटलात जन्मदाखल्याचा फॉर्म घरी सोडायच्या आधीच भरून घेतात, मागाहून दुरुस्ती करायची तर राज्यागणिक कागद वेगळे. मधला रकाना कोरा सोडू नका, आणि राणेचं रोमन स्पेलिंग आईच्या पासपोर्टवर आहे तेच घाला, शेवटी जादा ई लावायची हौस नको.