दिंडीसाठी हात धुवायचं फिरतं स्टेशन बनवतोय, पंप-नळाबद्दल सल्ला पाहिजे

टेम्पोवाला_माळकरी

राम कृष्ण हरी. आमची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालते, साधारण २०० माणूस, निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढचे. गेल्या वर्षी फलटण सोडलं आणि बरडच्या मुक्कामाला जुलाब सुरू झाले, तीन दिवसांत तीसेक जण आडवे, दोन आजींना सलाईन लावावं लागलं आणि त्यातल्या एकीला घरी पाठवलं, बावीस वर्षांत तिची पहिली वारी चुकली. जाताना रडत होती ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. पिण्याचं पाणी तर आम्ही जपूनच घेतो. डॉक्टर म्हणाले, हात कुठे धुता ते दाखवा. पंगतीच्या आधी एक बादली आणि एक तांब्या, दोनशे माणसं तोच तांब्या त्याच बादलीत बुडवणार. मला तिथेच कळलं.

यंदा टेम्पोच्या मागे २०० लिटरचा निळा ड्रम, त्याला पाइप आणि ६ नळ असं करायचं ठरवलंय, पाणी जोरात यायला पाहिजे पण वाया नाही गेलं पाहिजे कारण टँकर कधी वेळेवर येतो कधी नाही. दोन आयडिया आहेत. एक म्हणजे घरी बॅटरीवरचा जुना फवारणी पंप पडून आहे त्याची मोटर काढून लावायची. दुसरी, ड्रमच्या झाकणाला ट्यूबचा व्हॉल्व बसवून पंक्चरच्या पंपाने हवा भरायची म्हणजे बॅटरीची कटकटच नाही. कुठली बरी?

मोटर_रिपेअर_सासवड

माउली, आधी दुसरी आयडिया डोक्यातून काढा. निळा ड्रम पाणी साठवायला असतो, दाबासाठी नसतो. हिशोब सांगतो, झाकण साधारण ५८ सेंटीमीटर व्यासाचं धरा, आत नुसती अर्धा बार (बार हे दाबाचं माप) हवा भरली तरी त्या झाकणावर जवळजवळ १३०० किलोचा जोर येतो. सायकलच्या ट्यूबमधे यापेक्षा कितीतरी जास्त हवा असते म्हणून लोकांना अर्धा बार म्हणजे काहीच वाटत नाही. झाकण उडालं तर समोर नळावर वाकलेली म्हातारी माणसं असतात हे लक्षात ठेवा. दाब पंपाने पाइपात द्यायचा, ड्रम कायम उघड्या हवेशी जोडलेला ठेवायचा, झाकणाला एक भोक आणि त्यावर बारीक जाळी.

जुना फवारणी पंप पण नको, कितीही धुतला तरी. औषध त्याच्या रबरात, वॉशरमधे मुरलेलं असतं आणि त्याच पाण्याने हात धुवून माणसं जेवायला बसणार. शिवाय त्या मोटरी मिनिटाला ४-५ लिटरच्या असतात पण दाब ८०-१०० पीएसआय (हे पण दाबाचंच माप, साधारण १५ पीएसआय म्हणजे १ बार), म्हणजे दोन नळ उघडले की जोर संपला आणि एकच उघडला तर पाणी अंगावर उडणार. तुम्हाला उलटं पाहिजे, दाब कमी पाणी जास्त. १२ व्होल्टचा डायफ्राम पंप घ्या, म्हणजे आत रबरी पडदा असतो तो, मिनिटाला ११-१२ लिटर आणि ३५-४० पीएसआयला आपोआप बंद होणारा, बोटीत आणि कॅरव्हॅनमधे वापरतात तसला. नळाच्या तोंडाला मिनिटाला २ लिटर सोडणारी एअरेटर जाळी (धारेत हवा मिसळून पाणी वाचवते ती) लावली की पाच नळ एका वेळी आरामात चालतात, सहावा पण चालेल, थोडा मऊ.

बॅटरीचं टेन्शन घेऊ नका. २०० माणसं, दिवसात चार वेळा हात, दर वेळी अर्धा लिटर म्हणजे ४०० लिटर. पंप जेमतेम पाऊण तास फिरला, ७ अँपिअर ओढतो धरलं तर ५ अँपिअर-तास. २६ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवस सहज जाते. वायर मात्र २.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या आणि १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपाशीच, पंपापाशी नाही.

लोणंदचा_शेतकरी

पंप कशाला एवढा, टेम्पोच्या टपावर टाकी ठेवा पाणी आपोआप येतंय की. आमच्या गावात तळ पडतो तेव्हा सगळे तसंच करतात.

मोटर_रिपेअर_सासवड

दादा, साधा नळ असेल तर येतंय, बरोबर आहे. पण १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो, म्हणजे टपावरची टाकी नळापेक्षा दीड मीटर वर असली तर जेमतेम २ पीएसआय. त्यात एअरेटर लावला की धार बारीक, आणि दाबून आपोआप बंद होणारा नळ तेवढ्या दाबावर नीट बंदच होत नाही, गळत राहतो. मग साधा नळ लावावा लागतो आणि तो साबण लावेपर्यंत उघडाच राहतो. सगळं पाणी तिथेच जातं. वर २०० किलो वजन टपावर घेऊन घाट चढायचा.

पंगत_वाढपी

आमच्या दिंडीत दोन वर्षं असंच स्टेशन आहे म्हणून अनुभवाचं सांगते. पहिल्या वर्षी पंप घेतला, नळ घेतले, फक्त पंपाच्या आधी लावायची गाळणी घेतली नाही, दुकानदार म्हणाला नंतर लावा. तरडगावला टँकरचं पाणी आलं ते गढूळ. दुपारी पंगत बसायच्या टायमाला सगळे नळ बंद आणि पंप मात्र दर अर्ध्या मिनिटाला टर्र करून चालू, टर्र करून बंद. आधी वाटलं कुठेतरी गळतंय, सगळे जॉइंट हाताने पुसून कोरडे केले, टिपूस नाही. शेवटी आमच्यातल्या एका ड्रायव्हर दादांनी पंपाच्या तोंडाचे स्क्रू खोलले तर आतल्या रबरी पडद्याखाली वाळूचे दोन कण आणि गवताची काडी. पडदा नीट बसत नव्हता म्हणून दाब मागे ड्रममधे उतरत होता. तांब्याभर पाण्याने धुवून बसवला, चालू. तेव्हापासून गाळणी आधी आणि रोज रात्री ती काढून ब्रश मारायचा, हे काम एकाच माणसाकडे. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

पाणी ओढायचा पाइप ड्रमच्या तळापासून चार बोटं वर ठेवा, गाळ खाली राहू दे.

साबणाची वडी नुसती ठेवली की चिखलात पडते किंवा कुणाच्या तरी पिशवीत जाते. कांद्याच्या जाळीत घालून प्रत्येक नळाला सुतळीने बांधा, जाळीवर हात चोळला की फेस पण लवकर येतो. आणि एक नळ पायरीसारखा खाली, अडीच फुटांवर लावा, ज्यांच्याबरोबर लहान पोरं असतात त्यांना आणि ज्यांना वाकता येतं पण हात वर होत नाही अशा आज्यांना तो लागतो.

खालच्या पाण्याचं कोणी लिहिलं नाही. आषाढात तळ आधीच चिखल, त्यात ४०० लिटर सांडलं की नळाकडे कोणी फिरकत नाही, पाय घसरतात. नळाखाली अर्धा कापलेला पाइप पन्हाळीसारखा लावून पाणी लांब न्या, जागा मिळाली तर हात-दीड हात खड्डा काढून दगड-विटांचे तुकडे टाका, निघताना बुजवा.

उपकेंद्रातली_ताई

मी आरोग्य सेविका आहे, वारीच्या ड्युटीला जाते. स्टेशन पंगतीपाशी ठेवाल ते चांगलंच, पण संडासकडून येताना वाटेत एक पाहिजेच. तळावर फिरती शौचालयं असतात तिथून माणूस थेट राहुटीत येतो, भाकरीला हात लावतो, तुमचे जुलाब तिथून सुरू झाले असतील. दोन ड्रम करता आले तर दोन करा, एक करता आला तर तो त्या वाटेवर करा, पंगतीला येणारा चार पावलं चालून येईल.

पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकताना सरळ ड्रममधे चमचा ओतू नका. १००० लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे २०० लिटरला अर्धा ग्रॅम, तो चमच्याने मोजता येत नाही. २५ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात कालवा, थोडा वेळ निवळू द्या, वरचं नितळ पाणी २० मिली ड्रमला, आणि अर्धा-एक तास थांबा. खालचा पांढरा चुना टाकू नका, वरच्या ताईंनी सांगितलेल्या रबरी पडद्यात तोच जाऊन बसेल. हे द्रावण रोजचं रोज ताजं. पावडर नवीन, बंद पाकिटातली घ्या, उघडी राहिलेली पावडर दिसते तशीच पण जोर गेलेला असतो. आमच्याकडे ओटीचं टेस्ट किट (पाण्यातलं क्लोरीन तपासायचं) असतं, तळावर कुठल्याही आरोग्य पथकाला सांगा, ओटीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे.

सॅनिटायझरची बाटली ठेवून भागवू नका. मातीने भरलेल्या हातावर त्याचा उपयोग होत नाही, पाणी-साबणच पाहिजे, आणि चोळणं २० सेकंद, नखं आणि अंगठे राहून जातात.

टेम्पोवाला_माळकरी

खूप खूप आभार, सगळ्यांचे. हवा भरायचा विचार सोडला, जुना पंप पण बाजूला ठेवला. आज पुण्यातून ११ लिटरवाला पंप, गाळणी, दाबून बंद होणारे ६ नळ आणि एअरेटर आणले. घरी जोडून बघितलं तर एक नळ अर्धवट दाबला की पंप टकटकटक चालू-बंद होतो, पूर्ण दाबला की नीट. हे बिघाड आहे का?

मोटर_रिपेअर_सासवड

बिघाड नाही. पाणी कमी जातंय आणि पंप जास्त देतोय म्हणून दाब लगेच भरतो, स्विच बंद, परत चालू. तसंच चालू दिलं तर स्विचचे पॉइंट जळतात. पंपाच्या पुढे १ लिटरची छोटी प्रेशर टाकी बसवा, आत रबरी फुगा असतो, त्यात हवा पंप चालू होतो त्या दाबापेक्षा थोडी कमी भरायची. ही टाकी दाबासाठीच बनवलेली असते, त्यामुळे तिची भीती नाही. होज सगळे क्लिपने आवळा, हाताने ओढून बघा.

आणि वारीहून आलात की ड्रम धुवून, साध्या पाण्याने पंप पाच मिनिटं फिरवून मग पाणी संपू द्या आणि आतलं सगळं काढा, पाइप उलटे टांगून ठेवा. बॅटरी महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा नाहीतर पुढच्या आषाढात ती मेलेली निघेल.

पंगत_वाढपी

त्या घरी पाठवलेल्या आजी यंदा येणार आहेत का?

टेम्पोवाला_माळकरी

हो ताई, नाव लिहिलंय. खालचा अडीच फुटांचा नळ त्यांच्या हिशोबाने लावतोय, उद्या घरी जाऊन त्यांची उंची मोजून येतो.