वाटी जड झाली, तरी झिजलेली असू शकते

वर विचारलंय, खुब्याचा कृत्रिम सांधा किती झिजेल हे आधी कळतं कसं, पेशंटमध्ये बसवूनच बघतात का? नाही हो. भोसरीच्या एका लॅबमध्ये काही वर्षं मी हेच काम केलंय.

सांध्याचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती प्लास्टिकची वाटी यंत्रात बसवून चालण्यासारखा भार आणि हालचाल द्यायची. सेकंदाला एक फेरा, एकूण ५० लाख. १० लाख फेरे म्हणजे ढोबळमानाने वर्षभराचं चालणं (रोज पर्वती चढणाऱ्यांनी आपला हिशेब वेगळा धरावा). वंगणाला नुसतं पाणी चालत नाही, ३७ अंशांवर वासराचं पातळ केलेलं सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) लागतं. ते बदलायच्या दिवशी डब्यातल्या भाजीलाही तोच वास यायचा!

झीज मोजायची ती वाटीचं वजन किती घटलं यावरून, आणि खरी गंमत तिथेच. वाटी धुऊन, वाळवून काट्यावर ठेवली की कधीकधी आधीपेक्षा जड भरते. पहिल्यांदा मला वाटलं, काटाच बिघडला. पण वाटीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिइथिलीन, द्रव शोषतं. म्हणून तशीच दुसरी एक वाटी तशाच सीरममध्ये, भार देऊन पण न हलवता ठेवतात. तिचं जेवढं वजन वाढलं तेवढं झिजेच्या हिशेबात मिळवायचं.

तुमच्या आईंच्या एक्स-रेत गोळा किंचित वर सरकलेला दिसतोय म्हणालात. पहिल्या एक-दोन वर्षांत प्लास्टिक दाबानेही बसतं, ती सगळी झीज नसते. त्यामुळे दर वर्षीचे एक्स-रे जपून ठेवा, डॉक्टरांना ते शेजारी-शेजारी लावूनच फरक मोजता येतो.