बॅक्लोफेन परस्पर बंद करू नका

ताई, एमएसमुळे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) यजमानांचे पाय ताठतात म्हणून सुरू केलेली बॅक्लोफेन दिवसभर झोप आणते, तेव्हा ती बंदच करावी का, असं तुम्ही विचारलंय. कळकळीने सांगतो, एकदम तोडू नका. त्यानं झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. ही गोळी बहुधा 5 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात आणि कमीही तशीच करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. झोपेचा त्रास त्यांना स्पष्ट सांगा. डोसाच्या वेळा बदलता येतात, टिझॅनिडीन या ताठरपणावरच्याच दुसऱ्या गोळीचा पर्याय आहे (झोप मात्र त्यानंही येते). ताठरपणा पूर्ण घालवायचा हट्टही नको. अशक्त पायांना उभं राहायला कधीकधी त्याचाच आधार असतो, हे मला माझ्या पत्नीच्या आजारपणात कळलं.

आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा! एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण खराब झालेलं असतं, त्यामुळे अंग थोडं तापलं तरी संदेश अडखळतात. पाय जड होतात, नजर अंधुक होते. गारव्यात बसल्यावर उतरलं तर तो बहुतेक एमएसचा नवा अटॅक नसतो. म्हणून मे महिन्यात लगेच डोस वाढवून मागण्याआधी ऊन आणि लघवीचा संसर्ग, दोन्ही बघा. संसर्गानेही ताठरपणा खूप वाढतो. लघवीची तपासणी साधी आहे, पण तीच राहून जाते.

इंटरफेरॉनची (एमएसचे अटॅक कमी करणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं घरी असतील तर ती बहुधा फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात. वीज गेल्यावर फ्रिज उघडू नका, आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नका, गोठलं की ते वापरता येत नाही.